न्हाणीची कडी

बंडेप्पाकाकांनी न्हाणीचं दार ढकललं आणि ढकलल्या हातानेच परत ओढून घेतलं. मग ते अंगणाच्या मध्यावर येऊन गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले, जणू म्हशीला काही विचारायचं राहिलं होतं.

"वैनी, मला काय दिसलं न्हाई," ते म्हणाले. "पाय धुवायला आलतो. दारावर लुगडं नव्हतं म्हणून."

 आतला पाण्याचा आवाज थांबला.

मी ओसरीवर बाळाला पाजत बसले होते. आईनं दारावर साडी टाकलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. वाऱ्यानं ती आत पडली असणार. आमच्या न्हाणीला आतून कडी नाही. म्हणून बाईमाणूस आत गेलं की दारावर साडी टाकतं, आणि साडी दिसली की पुरुषांनी वळायचं, अशी घरची रीत. शिवाय आतून दाराला पाण्यानं भरलेली बादली टेकवायची. पण त्याच बादलीतलं पाणी अंगावर घ्यायचं असतं. बादली रिकामी होत जाते तसं दार हलकं होत जातं, त्यामुळं आमच्या घरात बायकांचे शेवटचे तांबे नेहमी घाईचे.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत शिकेकाई तशीच होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. खाली बघतच ती स्वयंपाकघराकडे गेली आणि जाता जाता म्हणाली, "बसा भावजी, चहा टाकते."

काकांना नाही म्हणता येईना. ते बसले. शेजारच्या रानातले ते शेतकरी. विहिरीवरच्या मोटारीचा नट ढिला झाला म्हणून माझ्या वडिलांचा, अप्पांचा, पाना मागायला आले होते. अप्पांच्या हत्यारांची पेटी न्हाणीच्या भिंतीला लागूनच असते, आणि आमच्या गावात, मेहकरात, कुणाचंही काही ढिलं झालं की लोक सरळ तिकडेच जातात. काकांनी मान खाली घालून बशीतला चहा संपवला आणि गेले. पाना पेटीतच राहिला. गॅसपुढं उभ्या असलेल्या आईच्या कानामागं फेस वाळून पांढरा झाला होता.

थोड्या वेळानं अप्पा आले. हातात कुणाच्या तरी कूलरचा पंप.

"बंड्या पाना नेतो म्हणलता, विसरून गेला की," पेटीत बघून ते म्हणाले.

"अप्पा, न्हाणीला कडी बसली पाहिजे," मी म्हणाले.

"बसवू की. त्यात काय हाय."

हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे.

माझे वडील, उद्धवराव, सगळं घरी करतात. घरात गवंडी, सुतार, वायरमन यांपैकी कुणाचंही पाऊल पडलेलं मला आठवत नाही. आमच्याकडं काही मोडत नाही, असं ते गावात सांगतात. ते खरं नाही. आमच्याकडं मोडलेलं टाकत नाहीत, आणि दुरुस्त झालेलं बरं होत नाही. मिक्सरच्या झाकणावर वरवंटा ठेवावा लागतो. स्वयंपाकघराचा नळ उलटा फिरवायचा आणि मग अर्धा परत आणायचा. माझं लग्न झाल्यावर नवरा पहिल्यांदा राहायला आला, तेव्हा बटण दाबून बिचारा पंख्याकडे बघत बसला. अप्पांनी कोपऱ्यातली काठी आणून त्याच्या हातात दिली. "जावईबापू, आमचा पंखा काठी दावल्याबिगर ऐकत न्हाई." काठीनं पातं ढकललं की पंखा फिरतो. नवरा हैदराबादला गेल्यावर महिनाभर ही गोष्ट सांगत होता, आणि मी हसत होते. या घरात परत बाळंतपणाला येईपर्यंत मला ती विनोदीच वाटायची.

अप्पांची पद्धत अशी की नवीन काही आणायचं नाही. एका जागचं काढायचं आणि दुसरीकडं लावायचं. न्हाणीला एकेकाळी कडी होती. एका सुगीत ती बियाण्याच्या खोलीला गेली. आईनं विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले होते, "चोर बियाणं नेईल. न्हाणीतनं काय नेणार?" त्यानंतर न्हाणीला तारेचा आकडा झाला, मग सायकलच्या आऱ्याचा, मग नायलॉनची दोरी आणि खिळा. त्यांतलं प्रत्येक पुढं कुठंतरी जास्त गरजेचं ठरलं आणि तिकडं गेलं.

"अप्पा, आज. उद्या नाही."

"कामून एवढं करायलीस? घरात कोण येतंय? आपलीच माणसं."

"मग बंडेप्पाकाका कोण?"

"बंड्या तर घरचाच हाय."

 मी आईकडे पाहिलं. तिनं एखादा शब्द बोलावा असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "जाऊ दे गं विजू. दूध उतू जायलंय बघ."

दूध उतू जात नव्हतं. गॅस बंद होता.

मी खोलीत गेले आणि भालकीच्या विरुपाक्ष सुताराला फोन लावला. माझ्या मैत्रिणीच्या घराची सगळी दारं त्यानं केलीत. दुपारी तो मोटारसायकलवरून आला, हँडलला हत्यारांची पिशवी लटकवून. अप्पा ओसरीवर कूलरचा पंप सोडवत बसले होते.

"ये विरुपाक्ष, ये. इकडं कुठं?"

"अक्कांनी फोन केलता. कडी बसवायचीय म्हणं."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "अरं, कडी बसवायला सुतार? उद्या नखं काढायला डाक्टर बोलवू काय? बस, चहा घे."

विरुपाक्ष हसला. तरी उठून त्यानं न्हाणीच्या दारावरून हात फिरवला. "बाभूळ हाय अण्णा. दगडासारखं. आधी बारीक भोक पाडून घ्या, न्हाईतर स्क्रू वाकडा जातंय."

"मला सांगायलास? दार मीच केलंय. आमच्या बैलगाडीच्या फळ्या हायत ह्या. तुझ्या जन्माआधी भालकीच्या बाजाराला जाऊन आलेल्या."

त्यानंतर पाऊसपाणी झालं, सोयाबीन झालं, चहा झाला. निघताना विरुपाक्ष माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, तुमच्या घरात माझं काम निस्तं चहा प्यायचं हाय." आणि किक मारून गेला.

मी खोलीत जाऊन रडले. बाळंतपणात रडायला फार कारण लागत नाही, हे मला माहीत आहे, पण मला कारण होतं. मला वाटत होतं, हैदराबादच्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातसुद्धा मी रोज सकाळी कडी लावते आणि मला ती कडी आहे हे आठवतही नाही. माझ्या रडण्यानं बाळ जागं झालं आणि तेही रडायला लागलं. आई तेलाची वाटी घेऊन आली, बाळाला तिनं आपल्या पायांवर घेतलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत तेल उतरवायला लागली. बाळ गप्प झालं.

"एवढं मनाला लावून घेऊ नये," ती म्हणाली. "मला सवय झालीय. मी एक पाय दाराला लावून न्हाती. एका पायावर बसायचं, दुसरा दाराला. कडी गेली तवापासनं."

"बादली असते की."

"बादलीचा काय भरवसा." मग ती हसली. "तुझ्या मावशीकडं बिदरला गेल्ते न्हाई का गेल्या साली? तिच्याकडं टाइल, शॉवर, आतनं कडी, समदं. कडी लावली आणि तरी माझा पाय दाराला. बाहेरनं तुझी मावशी विचारायलीय, कला, दार कामून वाजायलंय?"

मला हसू आलं नाही. बाळाचे इवले पाय तिच्या तळव्यात सहज मावत होते. ती ते दाबत राहिली, आणि मान वर न करता, आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मला एकदा डोक्यावरनं पाणी घेऊन डोळे मिटून बसायचंय, बस. शिकेकाई असली तरी एक डोळा उघडाच ठेवावा लागतो. चुरचुरतो गं."

बाहेर ओसरीवर पक्कडीचा आवाज चालला होता, तो थांबला. 

अप्पा दारात आले. हातात खडूचा तुकडा होता. "कला," ते म्हणाले, "फटी कुठं कुठं हायत त्या दाव."

मी दचकलेच. दुरुस्तीच्या बाबतीत अप्पांनी कुणाला काही विचारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आईलाही काय करावं सुचेना. तिनं तेलकट हात पदराला पुसले, बाळ माझ्याकडं दिलं आणि ती त्यांच्यामागून गेली. न्हाणीपाशी उभी राहून ती बोटानं दाखवायला लागली.

"हितनं. ह्या बिजागरीपाशी. आणि ही खालची."

"खालनं काय दिसतंय?"

"जिथनं ऊन येतंय तिथनं नजरबी येती."

अप्पांनी खुणा केल्या. मग ते स्वतः आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, लगेच बाहेर येतील. ते आले नाहीत. आत नुसतं उभं राहून ते काय बघत होते कुणास ठाऊक. त्या फटींमधून ओसरी दिसते, गोठा दिसतो, फाटकापासून येणारी वाट दिसते. बाहेर आले आणि दुसऱ्याचा कूलर तसाच सुटा टाकून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात झाली. कडी कुठून आली, तर पुढच्या दाराची.

"अप्पा, ही पुढच्या दाराची वरची कडी आहे."

"त्याला खालची हाय की."

बाभळीत स्क्रू जाईना. भोक पाडायचं गिरमिट कुणीतरी नेलं होतं आणि कुणी ते अप्पांना आठवत नव्हतं. त्यांनी स्क्रू हातोडीनं ठोकले. मी ओसरीवरून बघत होते आणि प्रत्येक ठोक्याला माझे दात आवळले जात होते. एक स्क्रू मान मोडल्यासारखा वाकला, तो त्यांनी तसाच आडवा बसवला. "आडवाच घट बसतंय." मग दाराच्या चारी कडांना रबरी पट्ट्या, एकेका बोटाच्या अंतरावर खिळे. दार आता नुसतं ढकलून लागत नव्हतं, खांदा द्यावा लागत होता, आणि खांदा देऊन दाबून धरलं तरच कडी कोयंड्यात जात होती. अप्पांनी ती तळहातानं हाणून आत घातली आणि तशीच हाणून बाहेर काढली.

"आता मुंगीबी यायची न्हाई," ते म्हणाले.

"पण उघडेल का?"

"उघडंल की. रबर हाय, वापरून सैल होतंय."

तेवढ्यात गंगम्मा आली. गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना तीच न्हाऊ घालते. तिनं दाराला एक गुद्दा मारून पाहिला. "अण्णा, न्हाणी केलास का ब्यांक?"

त्या दिवशी मला आणि बाळाला तिनं ओसरीच्या आडोशाला, पडदा लावून न्हाऊ घातलं, कारण अप्पा म्हणाले, पहिलं न्हाणं कलाचं. इतर वेळी आमचं सगळ्यांचं झाल्यावर उरेल त्या कोमट पाण्यावर आईचं न्हाणं व्हायचं. आज अप्पांनी स्वतः चूल पेटवली होती. हंडा त्यांनीच न्हाणीत नेऊन ठेवला, वर थंड पाण्याची बादली. आई साडी घेऊन आली आणि सवयीनं दारावर टाकायला गेली.

"आत ने," अप्पा म्हणाले. "कोरडी ऱ्हाऊ दे."

ती आत गेली. आतून तिनं खांदा दिल्याचा आवाज आला, मग कडी घासत गेल्याचा. मग पाणी. अप्पा बाहेर हत्यारं गोळा करत होते, पण गोळा करून झाली तरी पेटी बंद करत नव्हते.

थोड्या वेळानं आतून बारीक हाक आली, "विजू."

"काय गं?"

"मधीच एकदा उघडून बघावं म्हणलं. कडी निघना."

अप्पा उठले. त्यांनी दार बाहेरून दाबलं, "आता वढ" म्हणाले. निघेना. ओढलं, तर ओढायला बाहेरून काही नव्हतं. मूठ त्यांनी कधीच काढून डब्याच्या झाकणाला लावली होती. वाकड्या स्क्रूचं डोकं कडीच्या आड आलं असणार. आत आईचा हात साबणाचा, सारखा निसटत होता. "जोर लाव," अप्पा म्हणत होते. "हात पुस आणि लाव." पट्ट्यांनी दार इतकं ताणून धरलं होतं की लाकडाचा कण हलत नव्हता.

माझा संयम सुटला. "विरुपाक्षनं सांगितलं होतं. त्याला काल बसवू दिलं असतं तर आत्ता ही वेळ आली असती का? एक कडी, अप्पा. आयुष्यात एक कडी तिला नीट मिळू नये?"

 अप्पांच्या कपाळावरून घाम नाकावर उतरला होता. गोठ्यातून त्यांनी पहार आणली आणि ती दारात घालायला जागा शोधू लागले. जागा नव्हती. प्रत्येक फट त्यांनीच काल खडूनं नेमून, आज सकाळी बुजवली होती. ते बिजागरीपाशी आले, खाली वाकले, परत वर आले.

"फोडतो," ते म्हणाले. "कला, बाजूला हो. भिंतीला लागून उभी ऱ्हा."

"थांबा," आत आई म्हणाली.

पहार वरच्या वर राहिली.

"काय झालं? लागलं का?"

"न्हाई." मग जरा वेळानं, "पाणी अजून लई हाय. चांगलं कढत हाय."

आम्ही तिघंही दाराकडं बघत होतो. गंगम्मा बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता थांबली होती.

"कडी मलाच निघना," आई आतून म्हणाली. सावकाश बोलत होती, एखादा हिशेब लावून बघावा तशी. "म्हंजी बाहेरनं बी कुणाला उघडायची न्हाई."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "कुणालाच न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या. माझं न्हाणं झालं न्हाई अजून. झालं की हाक मारते."

अप्पांनी पहार खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून आधी एक टोक टेकवलं, मग दुसरं. घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. हातोडीच्या दांड्यानं अंगठ्याजवळ फोड आला होता, तो फुटला होता. मला त्यांना अजून बरंच बोलायचं होतं. 

गंगम्मानं बाळ माझ्या हातात दिलं. "अण्णा, राखण बसलास काय?" ती म्हणाली.

"व्हय," अप्पा म्हणाले. चेष्टा त्यांना कळली नव्हती, की कळून त्यांनी खरं ते सांगितलं, मला समजलं नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "विरुपाक्षला फोन लाव."

मी फोन काढला.

"घाई न्हाई म्हणावं. सावकाश ये म्हण. हातातलं काम उरकून ये."

न्हाणीचं पाणी भिंतीखालच्या भोकातून बाहेर येऊन कढीपत्त्याच्या आळ्यात पडतं. अप्पा तिकडे बघत बसले. आधी फेसाचं पाणी आलं, शिकेकाईच्या तपकिरी रंगाचं. ते आळ्यात मुरलं. मग काहीच आलं नाही, बराच वेळ, इतका की मी हाक मारायला पुढं झाले, पण अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. मग आत तांब्या हंड्याला लागल्याचा आवाज झाला, आणि भोकातून नितळ पाणी आलं, वाफाळतं, न थांबता.